मदत हवी आहे: अडीच त्रिज्या उंचीवरून सोडलेली गोटी लूप का पूर्ण करत नाही?

धागाकर्ती

नमस्कार. माझा मुलगा बारावी शास्त्र शाखेत शिकतो आणि महाविद्यालयाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी रोलर कोस्टरच्या लूपची प्रतिकृती तयार करतो आहे. मी स्वतः भौतिकशास्त्र घेऊन पदवी घेतली, परंतु त्याला बावीस वर्षे झाली आणि नंतरच्या नोकरीत या विषयाशी संबंध राहिला नाही. त्यामुळे आम्हा मायलेकांची गाडी जिथे अडली आहे, तिथे येथील जाणकारांनी हात द्यावा, अशी विनंती आहे.

प्रतिकृती अशी आहे. विजेच्या वायरी झाकण्यासाठी भिंतीवर ठोकतात ती पीव्हीसीची केसिंग पट्टी आम्ही घेतली, तिचे झाकण काढून टाकले आणि उकळत्या पाण्यात मऊ करून तिचा गोल लूप वळवला. लूपची त्रिज्या १५ सेंटीमीटर आहे. उतारही त्याच पट्टीचा असून तो प्लायवुडवर पक्का बसवला आहे. त्यावरून १६ मिलिमीटर व्यासाची काचेची गोटी सोडायची.

बारावीच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात उभ्या वर्तुळातील गतीचे विवेचन आहे. माथ्यावर गोटी पट्टीला जेमतेम चिकटून राहायची असेल, तर तेथे आवश्यक असणारे अभिकेंद्री बल (वर्तुळाच्या केंद्राकडे ओढणारे बल) एकट्या वजनाने पुरवले पाहिजे. म्हणून माथ्यावरच्या वेगाचा वर्ग गुरुत्व त्वरण गुणिले त्रिज्या इतका हवा. ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाने तळाशी हाच वर्ग पाचपट होतो आणि त्यावरून गोटी सोडण्याची किमान उंची अडीच त्रिज्या, म्हणजे आमच्या बाबतीत ३७.५ सेंटीमीटर येते. गणित मुलाने केले आणि मी तपासले. त्यात चूक आढळली नाही.

प्रत्यक्षात मात्र ३७.५ सेंटीमीटरवरून सोडलेली गोटी माथ्यापर्यंत पोहोचतच नाही. मोबाइलवर संथ गतीचे चित्रण केले, तेव्हा ती माथ्याच्या साधारण ४५ अंश आधीच पट्टी सोडते आणि हवेतून जाऊन समोरच्या बाजूवर आदळते, असे दिसले. उंची थोडी थोडी वाढवत नेल्यावर ४७ सेंटीमीटरला ती दहापैकी दहा वेळा लूप पूर्ण करू लागली. हा फरक साडेनऊ सेंटीमीटरचा, म्हणजे जवळपास पंचवीस टक्क्यांचा आहे. मुलाचे म्हणणे आहे की हे घर्षण आहे, आणि त्याच्या सरांचेही तेच म्हणणे पडले. परंतु आम्ही पट्टीच्या कडा बारीक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केल्या, तेव्हा जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरचा फरक पडला. शिवाय घर्षण हे उत्तर कोणत्याही फसलेल्या प्रयोगाला लावता येते, म्हणूनच माझे त्यावर समाधान होत नाही.

दुसरा प्रश्न मुलाचा आहे. खोपोलीच्या इमॅजिका उद्यानात आम्ही गेलो होतो, तेव्हा तेथील लूप पुस्तकातल्या आकृतीसारखा गोल नसून वर घट्ट वळणाचा आणि खाली सैल वळणाचा, उलट्या थेंबासारखा आहे, हे त्याच्या लक्षात आले. गोल लूप त्रासदायक होत असेल, तर तो मोठ्या त्रिज्येचा करून भागत नाही का? हा वेगळा आकार कशासाठी?

लंबक

प्रश्न नेमकेपणाने मांडल्याबद्दल आभार. येथे "प्रयोग चालत नाही, मदत करा" एवढेच लिहिणारे फार असतात. उत्तर देण्यापूर्वी दोन गोष्टी विचारतो. तुम्ही उंची नेमकी कोठून कोठपर्यंत मोजली? आणि गोटी पट्टीच्या तळावर टेकून धावते की पट्टीच्या दोन कडांवर? कडांवर धावत असेल, तर त्या दोन कडांमधले अंतर किती आहे?

धागाकर्ती

उंची लूपच्या सर्वांत खालच्या बिंदूला पट्टीच्या कडेपासून ते गोटी सोडतो तेथील पट्टीच्या कडेपर्यंत, सरळ उभी मोजली आहे. टेबलापासून मोजलेली नाही. लूपची त्रिज्याही कडांपर्यंतचीच आहे. गोटी दोन्ही कडांवर धावते आणि पट्टीच्या तळाला टेकत नाही. कडांमधले अंतर मुलाने व्हर्नियरने मोजले, ते १२ मिलिमीटर भरले.

साधा_वाटसरू

मला वाटते की येथे अपकेंद्री बल विचारात घ्यायला हवे. गोटी माथ्यावर असताना अपकेंद्री बल तिला वर ढकलते आणि वजन खाली ओढते. दोन्ही समान झाली की गोटी पडत नाही. तुमच्या लूपमध्ये अपकेंद्री बल कमी पडत असावे.

लंबक

वाटसरू, हे वर्णन गोटीवर बसून पाहणाऱ्याचे आहे आणि त्याच्यापुरते ते बरोबरही आहे, परंतु त्याने आकडा बदलत नाही. बाहेर उभे राहून पाहिले, तर माथ्यावरच्या गोटीवर वर ढकलणारे एकही बल नसते. वजन खाली असते आणि पट्टीचा रेटाही खालीच असतो. गोटी खाली पडतच असते, फक्त पुढे जाण्याचा तिचा वेग इतका असतो की पडण्याचा मार्ग आणि पट्टीचा बाक एकमेकांशी जुळतात. वेग कमी असला, तर पडण्याचा मार्ग पट्टीपेक्षा अधिक वाकतो आणि गोटी पट्टी सोडते. त्यांच्या चित्रणात तेच दिसले.

आता मूळ मुद्दा. ताई, तुमचे गणित चुकलेले नाही, मात्र ते तुमच्या गोटीचे नाही. पुस्तकातली वस्तू हा एक बिंदू आहे आणि तो घर्षणाशिवाय घसरतो. तुमची गोटी घसरत नाही, घरंगळते. उंचीवरून मिळालेल्या स्थितिज ऊर्जेचा एक हिस्सा तिला स्वतःभोवती फिरण्यासाठी द्यावा लागतो आणि तेवढा पुढे जाण्याच्या वेगातून वजा होतो. सपाट पृष्ठभागावर घरंगळणाऱ्या भरीव गोलाच्या बाबतीत फिरण्याची ऊर्जा ही पुढे जाण्याच्या ऊर्जेच्या दोन पंचमांश असते. हा हिस्सा धरून पुन्हा गणित केले, तर किमान उंची २.५ त्रिज्या न येता २.७ त्रिज्या येते. गोटी लहान असो की मोठी, काचेची असो की पोलादाची, सपाट पृष्ठभागावर हा २.७ कायम राहतो.

परंतु तुमची पट्टी सपाट नाही, आणि खरी गंमत तेथेच आहे. गोटी दोन कडांवर टेकते, तेव्हा तिचे केंद्र कडांपासून ८ मिलिमीटर वर नसते, त्याहून खाली उतरलेले असते. पायथागोरसच्या प्रमेयाने पाहा: कर्ण ८, एक बाजू ६, म्हणून दुसरी बाजू २८ चे वर्गमूळ, अर्थात ५.३ मिलिमीटर. घरंगळण्याच्या दृष्टीने तुमच्या गोटीची त्रिज्या ८ नसून ५.३ मिलिमीटर आहे. तेवढेच अंतर पुढे जाण्यासाठी तिला जास्त वेळा फिरावे लागते, त्यामुळे फिरण्याची ऊर्जा दोन पंचमांशावरून ०.४ गुणिले ६४ भागिले २८, म्हणजे ०.९१ पर्यंत वाढते. पुढे जाण्यासाठी जितकी ऊर्जा, जवळजवळ तितकीच नुसते गरगरण्यासाठी खर्च होते.

यात आणखी एक लहान दुरुस्ती आहे. गोटीचे केंद्र १५ सेंटीमीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरत नाही. ते कडांपासून ०.५३ सेंटीमीटर आत असल्याने त्याच्या मार्गाची त्रिज्या १४.४७ सेंटीमीटर होते. लूपची उंची म्हणून दोन त्रिज्या आणि माथ्यावरच्या वेगासाठी १.९१ च्या (पुढे जाण्याचा १ अधिक फिरण्याचा ०.९१) निम्मे, अशी २.९६ पट केली, की किमान उंची ४२.८ सेंटीमीटर येते. तुमच्या साडेनऊ सेंटीमीटरच्या तफावतीपैकी सव्वापाच सेंटीमीटर येथेच सापडले. उरलेले सव्वाचार घर्षणाचे, सांध्यांचे आणि पट्टीच्या थरथरण्याचे आहेत, असे खुशाल म्हणावे. सरही पूर्ण चुकले नाहीत.

याच हिशोबाने ३७.५ सेंटीमीटरवरून सोडलेली गोटी काहीही नुकसान न होता धावली असती, तर माथ्याच्या सुमारे ३६ अंश आधी तिने पट्टी सोडली असती. तुम्हाला ४५ अंश दिसले. त्याचा अर्थ लावला, तर तेथवर पोहोचेपर्यंत साधारण तीन सेंटीमीटर उंचीइतकी ऊर्जा वाया गेली. माथ्यापर्यंत पूर्ण जाताना सव्वाचार आणि त्याच्या अलीकडेपर्यंत तीन, हे दोन आकडे एकमेकांशी जुळतात, ही मला सर्वांत समाधानाची बाब वाटते.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, तपासून पाहा. बेअरिंगची २५ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी मिळवा. ती त्याच कडांवर अधिक उंच बसते. तिची घरंगळण्याची त्रिज्या १०.९७ मिलिमीटर आहे, त्यामुळे तिचा फिरण्याचा हिस्सा केवळ ०.५२ आहे. तिच्यासाठी किमान उंची ३८.४ सेंटीमीटर येते. घर्षण हेच एकमेव कारण असते, तर इतक्या मोठ्या फरकाचे काही कारण नव्हते. मी म्हणतो ते खरे असेल, तर ही गोळी गोटीपेक्षा चार-पाच सेंटीमीटर खालून सोडली तरी लूप पूर्ण करील.

निवृत्त_पीवे

पहिल्या प्रश्नाचे उत्तर लंबक यांनी दिले आहे, त्यात मला भर घालायची नाही. एवढेच सांगतो की खऱ्या गाडीत चाके एकूण वजनाच्या मानाने हलकी असतात, त्यामुळे फिरण्याचा हा हिस्सा तेथे किरकोळ ठरतो आणि पुस्तकातले सूत्र गोटीपेक्षा गाडीलाच जास्त लागू पडते. दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण रेल्वेच्या रुळांच्या वळणांत माझी सारी नोकरी झाली.

गोल लूप मोठा केला तर त्रास कमी होईल का, असे तुमच्या मुलाने विचारले. होणार नाही. माथ्यावर जेमतेम टिकण्याइतका वेग ठेवला, तर तळाशी आसनाचा रेटा वजनाच्या सहापट येतो आणि या सहाच्या आकड्यात त्रिज्या कोठेही शिल्लक राहत नाही. त्रिज्या दुप्पट केली की वेगाचा वर्गही दुप्पट लागतो, आणि भागाकारात दोन्ही उडून जातात. पाच मीटरचा लूप असो की पन्नास मीटरचा, गोल असेल तर सहापट भोगावेच लागते. माथ्यावर प्रवासी आसनाला नीट टेकलेला राहावा म्हणून तेथे एकपट रेटा ठेवला, तर तळाशी सातपट होतो.

हे नुसते कागदावर राहिलेले नाही. गोल लूपमधून माणसे फिरवण्याचा प्रयोग पॅरिसमध्ये १८४० च्या दशकात झाला होता. अमेरिकेत १८९५ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरील सी लायन पार्कमध्ये लिना बीचर यांचा 'फ्लिप फ्लॅप' सुरू झाला. त्याचा लूप जवळपास पूर्ण गोल आणि सुमारे २५ फूट व्यासाचा होता. त्यात बसणाऱ्यांच्या माना आणि पाठी दुखावत, अशी त्याची ख्याती होती. वजनाच्या बारापट रेटा येत असे, असा आकडा त्याच्याबाबत नेहमी दिला जातो. या आकड्याविषयी मी थोडा साशंक आहे, कारण निव्वळ सूत्राने तेवढा रेटा येण्यासाठी गाडी सुमारे २१ मीटर उंचीवरून सोडावी लागली असती. पण सहापटदेखील मानेला पुरेसे असते. १९०१ मध्ये एडविन प्रेस्कॉट यांनी त्याच परिसरात लंबगोल लूप उभारला, तो सुसह्य होता, मात्र एका वेळी चारच माणसे जात असल्याने धंदा म्हणून तो चालला नाही. त्यानंतर लूपची कल्पना अनेक दशके मागे पडली. ती पुन्हा यशस्वी झाली १९७६ साली, कॅलिफोर्नियातील मॅजिक माउंटनच्या 'रिव्होल्यूशन'मध्ये. त्याचे निर्माते अँटोन श्वार्झकोफ आणि आराखडा करणारे वेर्नर श्टेंगेल हे दोघेही जर्मन होते. त्यांनी लूपला क्लोथॉइड वक्राचा आकार दिला.

क्लोथॉइड म्हणजे असा वक्र की ज्याची वक्रता त्यावरून जितके अंतर चालाल तितक्या प्रमाणात वाढत जाते. सुरुवातीला तो जवळपास सरळ रेषा असतो आणि पुढे हळूहळू अधिकाधिक आवळत जातो. आम्हा रुळांच्या माणसांना हे नवीन नाही. सरळ मार्गावरून एकदम वर्तुळाकार वळणावर गाडी घातली, तर त्या एका सांध्यावर बाजूचा रेटा शून्यावरून पूर्ण होतो आणि डब्यातली माणसे एकमेकांवर पडतात. म्हणून मध्ये संक्रमण वक्र घालावा लागतो. भारतीय रेल्वेत त्यासाठी घनीय परवलय वापरतात, तेही सुरुवातीच्या भागात क्लोथॉइडच्या अगदी जवळ जाते. गोल लूपमध्ये हाच दोष उभा होऊन येतो: सपाट रुळावर एकपट असलेला रेटा लूपमध्ये शिरल्या क्षणी सहा-सातपट होतो. रेटा किती आहे याइतकेच तो किती अचानक आला, हेही मानेच्या दृष्टीने महत्त्वाचे असते.

आता आकडे घालून पाहू. लूपची उंची २४ मीटर आणि माथ्यावर आसनाचा रेटा एकपट, एवढे दोन्ही आकारांसाठी सारखे ठेवा. गोल लूपची त्रिज्या १२ मीटर. माथ्यावर वेग सेकंदाला १५.३ मीटर लागतो, तळाशी तो २६.६ होतो आणि रेटा सातपट येतो. आता थेंबाच्या आकाराच्या लूपमध्ये माथ्याची त्रिज्या फक्त ६ मीटर ठेवा. माथा आवळलेला असल्यामुळे तेथे सेकंदाला १०.८ मीटर इतका कमी वेग पुरतो. तळाशी वेग २४.२ मीटर, म्हणजे ताशी ८७ किलोमीटर होतो. गाडी वेगवान असते त्या तळाच्या भागात त्रिज्या २० मीटर ठेवली, तर रेटा चारपटीवर येतो. म्हणजे जेथे गाडी मंद असते तेथे वळण घट्ट ठेवायचे आणि जेथे ती वेगवान असते तेथे सैल. उंची तीच ठेवून सातपटीचे चारपट झाले. मोठे वर्तुळ काढून हे कधीच साधले नसते, कारण वर्तुळात माथा आणि तळ यांना एकच त्रिज्या वाटून घ्यावी लागते.

आणखी एक गोष्ट, कारण प्रदर्शनात कोणीतरी विचारतेच. खऱ्या गाडीचा वेग कमी पडला, तरी ती तुमच्या गोटीसारखी रूळ सोडून पडत नाही. तिला रुळाच्या वर, बाजूला आणि खाली अशी तिन्ही बाजूंनी चाके असतात. ती बहुधा मागे परत येईल.

धागाकर्ती

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला आठवडा लागला, कारण २५ मिलिमीटरची गोळी शोधण्यातच तीन दिवस गेले. शेवटी एका गॅरेजवाल्या काकांनी जुन्या बेअरिंगमधून काढून दिली आणि पैसेही घेतले नाहीत.

निकाल असा आहे. पोलादी गोळी ४१.५ सेंटीमीटरवरून सोडली, तेव्हा दहापैकी दहा वेळा लूप पूर्ण झाला. लंबक सरांच्या ३८.४ पेक्षा हे ३.१ सेंटीमीटरने अधिक आहे, मात्र गोटीच्या ४७ पेक्षा साडेपाच सेंटीमीटरने कमी आहे. ४१.५ वरून गोटी एकदाही पूर्ण फिरली नाही. "जड वस्तू जास्त जोरात जाते म्हणून" असे घरातल्या एका ज्येष्ठांनी लगेच सांगितले. वस्तुमान समीकरणात दोन्ही बाजूंनी निघून जाते, हे मुलाने त्यांना वहीवर करून दाखवले. तेवढ्यासाठीसुद्धा हा खटाटोप वसूल झाला असे मला वाटले.

मुलाला आता प्रतिकृतीत गोल आणि थेंबाच्या आकाराचा, असे दोन्ही लूप शेजारी शेजारी ठेवायचे आहेत. क्लोथॉइड पट्टीवर प्रत्यक्ष कसा वळवायचा, हे निवृत्त_पीवे काकांनी सांगितले तर फार मदत होईल. त्याचा आणखी एक प्रश्न आहे: लांब गाडीत पुढे, मध्ये किंवा मागे बसलेल्या माणसाला माथ्यावर सारखेच वाटते का?

निवृत्त_पीवे

आधी दुसरा प्रश्न. सारखे वाटत नाही. सगळे डबे एकमेकांना जोडलेले असल्याने कोणत्याही क्षणी सर्वांचा वेग एकच असतो, आणि तो गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीवर ठरतो. गाडीचा मधला डबा माथ्यावर असताना गुरुत्वमध्य सर्वांत उंच असतो, म्हणून गाडी तेव्हा सर्वांत मंद असते. पुढचा किंवा मागचा डबा माथ्यावर असताना बाकीची गाडी खाली असते आणि वेग अधिक असतो. माथ्यावर आपण आसनातून सुटतो आहोत, असा भास हवा असेल, तर मध्ये बसावे.

आता पट्टी. अंतर गुणिले त्रिज्या हा गुणाकार कायम ठेवायचा, एवढाच नियम आहे. तुमच्या मापाला ६०० धरा. लूपच्या सुरुवातीपासून पट्टीवर खुणा करा. १० सेंटीमीटरवर त्रिज्या ६०, २० वर ३०, ३० वर २०, ४० वर १५, ५० वर १२ आणि ६० वर १०. अर्धा लूप सुमारे ६१.४ सेंटीमीटरला पूर्ण होतो, तेथे पट्टी माथ्यावर आडवी झालेली असेल आणि त्रिज्या ९.८ भरेल. दुसरा अर्धा भाग हुबेहूब आरशातला. एकूण पट्टी १२३ सेंटीमीटर लागेल आणि लूप ३१ सेंटीमीटर उंच होईल, म्हणजे गोल लूपपेक्षा एकच सेंटीमीटर अधिक. येणारी आणि जाणारी पट्टी तळाशी एकमेकींना ओलांडतात, म्हणून लूपला बाजूला चार-पाच सेंटीमीटर सरकवून घ्या. हा वक्र आधी प्लायवुडवर पेन्सिलीने काढा, त्यावर खिळे ठोका आणि गरम पट्टी खिळ्यांना टेकवून थंड होऊ द्या. हातात धरून वळवलेली पट्टी माथ्यापाशी मोडते.

लंबक

काकांच्या आकड्यांवर मी गोटीचा हिशोब करून पाहिला. केंद्राच्या मार्गाची उंची २९.९ आणि माथ्यावरची त्रिज्या ९.२७ सेंटीमीटर धरली, तर काचेच्या गोटीची किमान उंची ३८.८ सेंटीमीटर येते. लूप एक सेंटीमीटरने उंच असूनही गोटी गोल लूपपेक्षा चार सेंटीमीटर खालून सोडता येईल. घर्षणाचे चारेक सेंटीमीटर धरून ४३ पासून सुरुवात करा आणि जो आकडा येईल तो येथे कळवा.

धागाकर्ती

खिळे ठोकून झाले आहेत. पट्टी रविवारी वळवणार आहोत, आकडा त्याच रात्री येथे लिहिते.